आखाजीचा बार

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली की लोकांना आमरस आठवतो, झोके आठवतात, माहेर आठवतं. मला शिव्या आठवतात. घसघशीत, यमक जुळवलेल्या, वरच्या पट्टीत म्हणायच्या अहिराणी शिव्या. धुळ्यात देवपूरला आमच्या कॉलनीत मी गेली कित्येक वर्षं ‘मॅडम’ आहे, शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे त्या शिव्यांना माझ्या तोंडून बाहेर पडायची सोय राहिलेली नाही. पण वैशाख तापला, गच्चीवरचा पत्रा तडतडायला लागला की त्या आपोआप ओठांवर येतात. सांजोऱ्या लाटताना मी पुटपुटत असते. आमचे हे बाहेरून विचारतात, “स्तोत्र म्हणतेस का?” मी हो म्हणते.

आमच्याकडचा उन्हाळा पडत नाही, तो मारतो. सकाळी नऊलाच कानशिलात बसते. दार उघडलं की तोंडावर हवेचा फटका येतो, नळ सोडला की हात पोळतो. बादलीतलं पाणी, ओट्याची फरशी, स्कूटीची सीट, सगळं माणसावर डूख धरून असतं. या दिवसांत खानदेशात भांडणं फार. सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, घराघरांत ताटं आपटली जातात, भाजीवाल्याशी बोलतानाही आवाज चढलेला असतो. आणि नेमका याच दिवसांत आमचा सगळ्यांत मोठा सण येतो. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवतात, पुरुष दिवसभर पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही. एवढ्या उन्हात एवढा आनंद कसा करायचा, असं बाहेरची माणसं विचारतात. आमच्या गावात तो दगडांनी करायचे.

यंदा आखाजी तोंडावर आलेली, संध्याकाळी मी सांजोऱ्या तळायला घेतलेल्या, आणि तेजलचा फोन आला. तेजल माझी एकुलती एक लेक. कॉलेज संपून वर्ष झालेलं नाही, तोवर जळगावला एका दाल मिलमध्ये नोकरीला लागली. तिथे डाळ निवडणाऱ्या बायांचं खातं तिच्या हाताखाली आहे. म्हणजे ही विशीतली आणि तिच्या हाताखालच्या बाया माझ्या वयाच्या. तिथेच जवळ खोली घेऊन एकटी राहते. रोज फोनवर मी काय जेवलीस विचारते आणि ती खोटं सांगते.

“आई, ऐक. मध्ये बोलू नकोस. मला लागलंय, पण फार नाही.”

मी गॅस बंद करायचं विसरले. तिने सांगितलं ते असं. दुपारी उन्हाने मंगलबाई म्हणून एकीला भोवळ आली. सातपुड्याच्या पायथ्याकडून कामाला आलेली बाई, अंगावर मांस नाही. ती पोत्याला टेकून बसली. हमालांच्या मुकादमाला पोती हलवायची घाई होती. त्याने तिला केसाला धरून उठवलं आणि थोबाडीत दिली. तेजल मध्ये पडली. त्याने तेजलला ढकललं, ती वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर तोंडावर आपटली, ओठ फाटला. तिच्या हातात परखी होती. परखी म्हणजे पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची टोकदार नळी. ती तिने त्याच्या दंडात खुपसली.

“रक्त आलं?” मी विचारलं.

“दोघांचंही.”

“मग?”

“मग सगळे थांबले. शेठ आले. म्हणाले, बेटा, आता सगळे घरी जा, सकाळी बघू.” शेठ राजस्थानी व्यापारी घरातले, मवाळ माणूस, त्यांना गोदामात मोठा आवाज झाला तरी घाम फुटतो. “पण सकाळी ते काही बघणार नाहीत, आई. त्यांना वाटतं मिल सुरू झाली की सगळे विसरतील. म्हणून आम्ही ठरवलंय. त्याने आधी मंगलबाईची माफी मागायची, मग माझी. गेटवर, सगळ्यांसमोर. तोवर एकही बाई आत जाणार नाही आणि एक दाणा निवडला जाणार नाही. परखी मारली त्याची माफी मी मागेन, पण नंतर.”

“पोलिसांत जाऊ या का?”

“ते माझं मी बघेन. आई, तू यायचं नाहीस. बाबांनी शेठना फोन करायचा नाही. तुम्ही आलात तर उद्यापासून ते मला मॅडम म्हणणार नाहीत, पोरगी म्हणतील. मग त्या बायांना कोण विचारतंय?”

फोन ठेवला तेव्हा कढईतल्या सांजोऱ्या कोळसा झाल्या होत्या. हे आत आले, माझं तोंड पाहिलं, सगळं ऐकलं आणि सरळ गाडीची किल्ली शोधायला लागले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. एरवी मुंगी मारताना मागेपुढे पाहणारा माणूस, पण त्या क्षणी मुकादम समोर असता तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, बसा. कोणी कुठे जायचं नाही. तिने नको म्हटलंय. आणि मग मी त्यांना अक्काची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शंभर वेळा ऐकली आहे. तरी बिचारे किल्ली मुठीत धरून ऐकत बसले.

बार म्हटलं की शहरातली माणसं दारूच्या दुकानाकडे बघतात. आमचा बार नदीत व्हायचा. शिंदखेड्याकडे आमचं गाव, मध्ये कोरडी ठाक नदी, पलीकडे दुसरं गाव. आखाजीच्या दुपारी दोन्हीकडच्या बाया आणि पोरी आपापली गौराई डोक्यावर घेऊन नदीत उतरायच्या. गौराई बुडवायला पाणी कुठलं? वाळूत झिरा खणायचा, कंबरभर खोल गेलं की तळाशी गढूळ पाणी पाझरायचं, त्यात. पण बुडवण्याआधी बार. अलीकडे आम्ही, पलीकडे त्या. आधी गाणी, मग गाण्यातून शिव्या, मग नुसत्या शिव्या, मग शेण, ढेकळं, चपला, गोटे. वर्षभर सासूचं, नवऱ्याचं, दिराचं मुकाट ऐकून घेतलेल्या बाया त्या दुपारी अशा काही सुटायच्या की काठावरची जनावरं दावी तोडायची. माझ्या मोठ्या चुलतबहिणीचा पुढचा दात त्या वाळूत पडला आहे. तिला त्याचा अभिमान होता.

कायदे मात्र कडक होते. गरोदर बाईने मागे उभं राहायचं. गोटा कमरेखाली मारायचा. आणि पुरुषाने, मग तो पाटील असो की कुणाचा नवरा, त्या दुपारी नदीच्या वाळूत पाय ठेवायचा नाही. प्रत्येक गावाची एक म्होरकी असायची. ती सगळ्यांत पुढे उभी राहणार, पहिला मार ती खाणार. कुणाचं डोकं फुटलं तर संध्याकाळी त्या जखमी बाईच्या घरी जाऊन हळद म्होरकीने लावायची आणि घरच्यांच्या शिव्याही तिनेच खायच्या. म्होरकीने दोन्ही हात वर करून ‘बस’ म्हटलं की बार संपला. दुसऱ्या कुणी म्हटलं तर कोणी थांबायचं नाही.

कित्येक वर्षं आमच्या गावाची म्होरकी अक्का होती. अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. उंच, काळी, हाडापेराने मजबूत बाई. दर आखाजीला माहेरी यायची ती पिशवीत बांगड्या काढून ठेवूनच. तिचा आवाज पलीकडच्या गावातल्या शेवटच्या घरापर्यंत जायचा. त्या वर्षी मात्र ती महिनाभर आधीच आली. चैत्रात गौराई बसली आणि अक्काने ओट्यावर सगळ्या पोरींसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला.

“औंदा म्होरकी ही.”

मी एकोणीस वर्षांची. बारावी होऊन वर्ष वाया गेलेलं. मला धुळ्याला जायचं होतं, देवपूरच्या कॉलेजात, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. ते होणार की नाही, हे सगळं भाऊच्या हातात. आबा, म्हणजे माझे वडील, वारल्यापासून घर भाऊ चालवत होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. भाऊ वाईट नव्हता. पण त्याचा हात चालायचा. बैलावर चालायचा, गड्यावर चालायचा, माझ्यावर चालायचा, आणि तोच हात रात्री माझ्या ताटात मी नको नको म्हणत असताना तूप वाढायचा. मला तो आवडायचाही आणि त्याची पावलं वाजली की मी मागच्या दाराने पळायचेही. धुळ्याचं विचारलं की म्हणायचा, आखाजी होऊ दे, मग सांगतो. त्याच्या मनात शहाद्याकडचं एक स्थळ होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

महिनाभर मी म्होरकीपण शिकले ते कुणी न शिकवता. गच्चीवर पोरी जमवायच्या, गाणी बांधायची, कोण पुढे, कोण मागे हे ठरवायचं. कोणी रुसायची, कुणाची आई भांडायला यायची. मी धावत अक्काकडे जायची. “अक्का, शेवंताले पुढे उभी करू का?” अक्का तंबाखू मळत म्हणायची, “माले काय इचारस? म्होरकी तू शे.” मला तिचा असा राग यायचा! वाटायचं, जबाबदारी गळ्यात बांधून ही म्हातारी मजा बघते आहे. एकदा मी रडले तिच्यासमोर. तिने पदराने माझं नाक पुसलं आणि परत तंबाखू मळायला लागली.

आता मी पालकसभेत भाषण करते. मुलांना जबाबदारी द्या, त्यांना चुकू द्या, त्यांच्या पायावर उभं राहू द्या. टाळ्या पडतात. एखादी आई उठून विचारते, पण मॅडम, द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं हो? मी फळ्यावर चार मुद्दे लिहिते. त्या चार मुद्द्यांत कुठेही असं लिहिलेलं नसतं की तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या पोरीला कोणी मारेल आणि तुम्ही जागचं हलायचं नाही. ते लिहिलं तर पुढच्या सभेला कोणी येणार नाही.

त्या आखाजीला ऊन नुसतं वर नव्हतं, वाळूतून खालूनही येत होतं. अनवाणी पाय एका जागी ठरत नव्हते. पलीकडच्या म्होरकीने, पंचेचाळिशीची दणकट बाई होती, डफ वाजवला. आम्ही सुरू केलं.

“पल्याडनी नवरी भलती गोरी,
तिना भाऊनी करी कोंबडीनी चोरी!”

हशा झाला. त्यांनी आमच्या पाटलाच्या पोटाचं काढलं. आम्ही त्यांच्या सरपंचाच्या टकलाचं. मग पहिलं ढेकूळ माझ्या खांद्यावर फुटलं आणि सगळं सुरू झालं. डोळ्यांत वाळू, तोंडात वाळू, कानात किंकाळ्या. माझ्या पिंढरीला गोटा लागला आणि पाय बधिर झाला. शेवंताच्या हातातून रक्त येत होतं आणि ती हसत होती. मी ओरडत होते, काय ते आता आठवत नाही, पण घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि माझ्यामागे साठ-सत्तर बाया तेच ओरडत होत्या. मला इतकं जिवंत कधी वाटलं नव्हतं. हे कुठल्या पालकसभेत सांगणार?

आणि मग पलीकडच्या म्होरकीने ते कडवं घातलं.

“तुमनी म्होरकी धुयाले जाई,
रातले कोना घर राही?”

धुळ्याला गेली की म्होरकी रात्री कुणाकडे राहणार, बारात असं म्हणतातच. त्यात कुणी काही वाटून घ्यायचं नसतं. मी उलट कडवं जुळवत होते. पण काठावर पत्ते खेळणाऱ्या पुरुषांनी ते ऐकलं, कोणीतरी फिदीफिदी हसलं, आणि भाऊ पत्ते फेकून उठला. तो नदीत उतरला तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे होती. मला कळलं ते माझी वेणी मागे ओढली गेली तेव्हाच. त्याने मला गर्रकन फिरवलं आणि कानाखाली वाजवली. सगळ्या नदीत तो आवाज गेला.

“घर चाल! बठ्ठं गाव हसी ऱ्हायनं. तुनं धुये संपनं आज!”

नदी चिडीचूप झाली. एवढ्या बायांचा आवाज एकदम थांबला की कान दुखतात. माझ्या कानात शीळ वाजत होती. मी अक्काकडे पाहिलं. ती काठाजवळच्या खडकावर बसली होती, पाय सोडून. ती भाऊला दोन शब्दांत गप्प करू शकली असती. तिच्यासमोर तो मान वर करत नसे. मी डोळ्यांनी तिला विनवत होते. अक्का बसून राहिली. इकडे तिकडे पाहिल्यासारखंही तिने केलं नाही, सरळ माझ्याकडे पाहत बसून राहिली.

पहिला गोटा पलीकडून आला. ते कडवं म्हणणाऱ्या म्होरकीनेच मारला.

“बाईस्ना बारमा माणूस कसाले उना रे?”

मग दोन्हीकडून. त्यांच्या आणि आमच्या. भाऊची लाडकी चुलती, त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली शेजारीण, सगळ्या. त्याने माझी वेणी सोडली आणि हातांनी डोकं झाकलं. एक भुवईवर बसला. रक्ताने त्याचा डोळा भरला, तो गुडघ्यावर आला. मी तिथेच उभी होते. मी म्होरकी होते. मी हात वर केल्याशिवाय ते थांबणार नव्हतं, हे मला माहीत होतं, भाऊला माहीत होतं, सगळ्या नदीला माहीत होतं. भाऊ एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यात मी भीती पहिल्यांदा पाहिली, आणि ती भीती त्याला माझी वाटत होती.

मी दोन्ही हात वर केले. “बस!”

थांबलं. एक गोटासुद्धा नंतर पडला नाही. मी त्याच्याजवळ गेले. माझा आवाज नीट आला.

“भाऊ, तू आठे येवाले नही पाहिजे व्हता. घर जाय. मी गौराई बुडाईसन येस.”

तो गेला. रक्त पुसत, काठावरच्या पुरुषांमधून वाट काढत गेला. मी गौराई बुडवली. दोन्ही गावांच्या बाया एकाच झिऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायल्या, पलीकडच्या म्होरकीने माझ्या गालावर ओला पदर धरला, आणि आम्ही घरी आलो. हळद घेऊन मी पहिल्यांदा माझ्याच घरी गेले. भाऊने ती लावू दिली. सगळा वेळ त्याचे दात वाजत होते.

ज्येष्ठ लागला तरी तो माझ्याशी बोलला नाही. मग एका सकाळी मोठा आवाज झाला. त्याने माळ्यावरची आबांची लोखंडी पेटी खाली अंगणात फेकली होती. झाकण वाकडं झालं होतं. “जाय!” तो माझ्यावर खेकसला. “धुयाले जाय, नहीतं कोठे बी जाय! मना समोर ऱ्हाऊ नको!” त्याच पेटीत कपडे भरून मी देवपूरला आले. बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता, पूर्ण वाटभर खिडकीबाहेर पाहत. वसतिगृहाच्या दारात पेटी ठेवली आणि मागे न बघता निघून गेला.

अक्काला मी पुढे एकदा विचारलं. तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. म्हटलं, अक्का, त्या दिवशी तू का उठली नाहीस? तो माले मारी ऱ्हायंता, तुले काहीच कसं वाटलं नही?

“मी उठती ते तो माले भ्याता,” अक्का म्हणाली. “तुले नही भ्याता.”

तिला काही वाटलं नव्हतं असं मात्र नाही. माझी आई सांगायची, त्या संध्याकाळी अक्काने भाकरी थापायला घेतल्या आणि पीठ तसंच टाकून उठली. तिच्या दोन्ही तळहातांत तिचीच नखं रुतून रक्त साकळलं होतं.

तर ही गोष्ट मी यांना सांगितली, फार रंगवून सांगितली, आणि शेवटी म्हटलं, अक्का बसून राहिली म्हणून मी उभी राहिले. आपणही बसून राहायचं. यांनी किल्ली खुंटीला लावली. माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मला स्वतःचाच आदर वाटायला लागला. त्या तोऱ्यात मी झोपलेसुद्धा.

आणि सकाळी, हे अंघोळीला गेल्याबरोबर, सांजोऱ्यांचा स्टीलचा डबा पिशवीत टाकून मी जळगावच्या बसमध्ये होते. मोलकरणीला सांगून आले की शाळेत काम आहे. स्वतःला सांगितलं की लांबून बघायचं, तिच्या नजरेस पडायचं नाही. नुसतं बघायचं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, खिडकीतून गरम वारा तोंडावर चाबकासारखा बसत होता, आणि मी मनातल्या मनात त्या मुकादमाला एकेक शिवी घालत होते. इतक्या वर्षांनी एकही विसरले नव्हते.

मिलचं गेट औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर. मी कोपऱ्यावर रिक्षा सोडली. गेटबाहेर पन्नासेक बाया रस्त्यावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, तोंडाला फडकी बांधलेली. मध्ये तेजल उभी. खालचा ओठ सुजून निळा पडलेला, टाका घातलेला. त्या ओठाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. समोर मुकादम, दंडाला पांढरी पट्टी, मागे त्याचे आठ-दहा हमाल. शेठ गेटच्या आत, घाम पुसत. मुकादम हात नाचवून बोलत होता, तेजल ऐकून घेत होती आणि मान हलवून नाही म्हणत होती. तो आणखी जवळ आला. ती मागे सरली नाही. मला तिथून ते भांडण समजत नव्हतं, फक्त त्याचं बोट दिसत होतं. तिच्या नाकासमोर नाचणारं बोट.

मी धावले. पन्नाशीच्या बाईने धावावं तशी नाही, वाळूतून धावायची तशी. बायांच्या मधून घुसले आणि पिशवी गरगरा फिरवून त्याच्या पट्टीवर हाणली. डबा आतच होता. तो कळवळून खाली बसला. मी अहिराणीत त्याच्या आईपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा पिशवी उचलली तर पट्टीवर लाल डाग पसरत होता.

आणि मग हमाल हसले.

“मॅडमनी माय उनी रे!” एक ओरडला. “मॅडमनी मायले बलाई लयी!”

बसलेल्या बायांमध्ये चुळबुळ झाली. एक-दोघी उठल्या. मुकादम दंड धरून उठला, त्याच्या तोंडावर वेदना होती आणि तिच्याखाली सुटकाही होती. “शेठ, देखा ना?” तो आत पाहून म्हणाला. “आते कोनी कोनी माफी मांगानी?” शेठनी हात वर करून काहीतरी मान्य केल्यासारखं केलं. एवढा वेळ तेजलच्या हातात जे होतं ते मी येऊन एका फटक्यात सांडलं होतं. मला ते तिथेच, उभ्या उभ्या समजलं. या गेटवर मला कोणी बोलावलं नव्हतं.

तेजल माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. डबा उघडला, झाकण वाकलं होतं, सांजोऱ्यांचा चुरा झाला होता. तो तिने बंद करून माझ्या छातीवर आपटला.

“आई, ही माझी जागा आहे. घरी जा.”

“तेजू, अगं तुझा ओठ...”

“घरी जा!”

टाका ताणला गेला, हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. ती माझ्याकडे पाठ करून मुकादमाकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“माझ्या आईने तुम्हाला मारलं. ते चुकलं. तिच्या वतीने मी तुमची माफी मागते. आत्ता, सगळ्यांसमोर.” तिने खरोखर हात जोडले. “मागितली मी. जीभ झडली नाही माझी. आता मंगलबाई तिथे बसली आहे. जा तिच्याकडे.”

उठलेल्या बाया परत खाली बसल्या. मुकादम हलला नाही. मी तिथे थांबले तर तो कधीच हलणार नव्हता, एवढं कळण्याइतकी शुद्ध मला आली होती. मी डबा कवटाळून रस्त्याने चालायला लागले. मागे आवाज चढले. मुकादमाचा, मग तेजलचा, मग काहीतरी पत्र्यावर आदळल्याचा. माझी मान आपोआप वळत होती आणि मी ती वळू देत नव्हते. असं चालणं मी आयुष्यात कधी चालले नाही. कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, “ताई, बरं नाही का वाटत? पाणी देऊ?” मी रिक्षात बसून ढसाढसा रडले. तो बिचारा बाटली हातात धरून बाहेर उन्हात उभा राहिला.

घरी आल्यावर माझ्या हातातला वाकलेला डबा यांनी पाहिला. खुंटीवरची किल्ली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि पेपर वाचायला बसले.

तेजलचा फोन लागत नव्हता. मिलचं काय झालं, तिचं काय झालं, नोकरी राहिली की गेली, काही कळायला मार्ग नव्हता, आणि कुणाला विचारायला मला तोंडही राहिलं नव्हतं. आखाजीच्या सकाळी मी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, आबांना आणि अक्काला नमस्कार केला. डोळे मिटून काय मागायचं तेही सुचेना. दुपारी दाराची कडी वाजली.

ओठ अजून सुजलेलाच होता. तिने चपला काढल्या, पाय धुतले, ताटावर बसली. मी आमरस वाढला, यांनी पंखा वाढवला. गरम काही खाताना ती मध्येच डोळे मिटायची, टाका झोंबत असणार. पुरण संपलं, रस संपला, मी पुन्हा रसाची वाटी भरून आणली तेव्हा ती स्वतःहून बोलली.

“मागितली त्याने. मंगलबाईची आधी, मग माझी. दात खात मागितली, पण मागितली. परखी मारली म्हणून मी त्याची मागितली. उद्यापासून मिल सुरू.”

“शहाणी गं माझी बाय,” मी म्हटलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. तिने डोकं बाजूला घेतलं.

“आई, त्याने मागितली, मी मागितली. तुझी बाकी आहे.”

यांनी पंख्याकडे पाहिलं. मी हातातली वाटी खाली ठेवली, तिच्यासमोर बसले, आणि माझ्या पोरीची माफी मागितली.